नासकचा हिरा की अँबर रूम?

नववीच्या इंग्रजी वाचनाच्या तासाला हरवलेला ठेवा हवा, तर नाशिकच्या पोरांना नासकचा हिरा जवळचा: त्र्यंबकेश्वरचा, १८१८ च्या युद्धात इंग्रजांच्या हाती गेलेला. पण गोम तिथेच. उतारा न वाचताच उत्तरं ठोकली जातात! म्हणून ऐकीवात नसलेलं विचारा: आजचं वजन? ‘४३.३८ कॅरेट’ या ओळीवर बोट ठेवायला लावा.

अँबर रूमचं, म्हणजे रशियातल्या राजवाड्यातल्या अँबरने मढवलेल्या खोलीचं, उलटं. अँबर म्हणजे अंबर, आकाश, असं समजून अख्खा उतारा भरकटतो. आधी दोन मिनिटं अँबरला, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या राळेला द्या. मग १७१६ भेट, १९४१ लूट, २००३ प्रतिकृती अशा चिठ्ठ्या क्रमाने लावताना ‘वॉज गिव्हन’, ‘वॉज लूटेड’ आपसूक सापडतं. पॅसिव्ह व्हॉइस शिकवायचा असेल तर हाच उतारा घ्यावा.