जॉयस्टिक घ्यावी का योक?

दर्यापूरकडचा एक भाऊ विचारून राहिला होता, घरी फ्लाइट सिमसाठी (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ) जॉयस्टिक घेऊ का योक, दोन्ही वापरलेत म्हणून सांगतो. योक म्हणजे विमानाचं स्टिअरिंगसारखं हँडल, त्याला टेबलाची जाड मजबूत कड लागते, क्लॅम्प ढिला राहिला की ओढताना सगळं हलते, अन रडरसाठी (शेपटीवरची पट्टी, विमानाचं नाक डावी-उजवीकडं वळवते) पेडल वेगळे घ्या म्हणजे खर्च वाढला. जॉयस्टिक छोट्या टेबलावर बसते, बहुतेकींत दांडा पिळला की रडर चालतो.

विमान कोणतं उडवता हेही पहा, सेसना १७२ अन बोइंग ७३७ ला योक, एअरबस ए३२० ला साइडस्टिक, म्हणजे बाजूला बसवलेली जॉयस्टिकच.

टिकण्याचं म्हणाल तर खरी गोष्ट दांडा किती हलला हे मोजणाऱ्या आतल्या सेन्सरची आहे भाऊ. पोटेन्शिओमीटर नावाच्या सेन्सरमध्ये पट्टीवर घासणं होते, त्यात आपल्याकडची उन्हाळ्याची धूळ गेली की रीडिंग थरथरते, विमान आपोआप एकीकडं झुकते. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, घासत काहीच नाही. पण झुकलं म्हणून लगेच खोलू नका, आधी विंडोजमध्ये कॅलिब्रेशन करा (दांड्याची मधली अन टोकाची जागा पुन्हा ठरवा), डेडझोन (मधली जागा, जिथं दांडा जरा हलला तरी विमान हलत नाही) थोडा वाढवा, हब काढून सरळ यूएसबी पोर्टला लावून पहा.

जागा-पैसा कमी, फायटर किंवा एअरबस आवडते तर हॉल सेन्सरची जॉयस्टिक. सेसनावर शिकायचं अन पक्कं टेबल आहे तर योक, पेडलसकट.