कोपरखैरण्याच्या घरातून ऑनलाइन थेरपी: सेवा कशी आहे आणि घरात काय तयारी लागते

घर लहान, माणसं जास्त आणि तरी ऑनलाइन थेरपी घ्यायची आहे, अशांसाठी हे लिहितेय. सेवा चांगली की नाही हे ओळखायची माझी खूण एकच आहे. पहिल्या भेटीत समोरची व्यक्ती तुमच्या घराबद्दल विचारते का? कुठे बसणार, दाराला कडी आहे का, शेजारच्या खोलीत कोण असतं, तुमचा फोन आणखी कोण हाताळतं? हे न विचारता थेट ‘हं, बोला, काय त्रास होतो’ असं सुरू झालं, तर पैसे देण्याआधी थांबा.

मी वाशीच्या एपीएमसीच्या धान्य बाजारात एका गाळ्यावर हिशेब बघते. वडील गेल्यावर लोकलमध्ये छातीत धडधडायला लागलं. कोपरखैरण्याहून वाशी म्हणजे केवढा तो प्रवास, पण तुर्भे येईपर्यंत हात गार पडायचे. ईसीजी व्यवस्थित आला. फॅमिली डॉक्टर म्हणाले, हे हृदयाचं नाही, समुपदेशकाशी बोला.

आधी एक ॲप घेतलं. त्याचं नाव लिहीत नाही. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ, दर वेळी समोर नवीन माणूस, आणि मराठीत बोलायचं तर ‘सध्या उपलब्ध नाही’. वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी हिंदीत काय सांगणार? जे शब्द त्यांच्याशी बोलले, ते मराठीतच होते. सगळ्यात वाईट म्हणजे लॉक असलेल्या स्क्रीनवर ‘आज तुमचा मूड कसा आहे?’ असे मेसेज यायचे. आमच्या घरात फोन टेबलावर पडलेला असतो, तो कोणीही उचलतं. ते बंद केलं.

आता ज्यांच्याकडे जाते, म्हणजे पडद्यावरच जाते, त्या ठाण्याच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. एका मैत्रिणीने नाव सुचवलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा क्रमांक त्यांनी मी विचारण्याआधीच पाठवला, मी तो कौन्सिलच्या साइटवर तपासून घेतला. औषधं त्या देत नाहीत, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागतात, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. सेशन ५० मिनिटांचं, फी १,२०० रुपये. आमच्या पगारात ही रक्कम मोठी आहे, म्हणून मी दर पंधरा दिवसांनी घेते, आणि त्यांनी कधी त्याबद्दल आग्रह धरला नाही.

पहिलं सेशन जवळजवळ सगळं घरावर गेलं. माझा पत्ता, जवळच्या दवाखान्याचं नाव, अडचणीत कोणाला फोन करायचा, हे त्यांनी लिहून घेतलं. मी ऑनलाइन असताना मला काही झालं तर त्या ठाण्यात बसून काय करणार, त्याची ती सोय. प्रत्येक वेळी सुरुवातीला ‘आज कुठून बोलताय?’ हेही विचारतात. मेसेज घरचे बघतात म्हटल्यावर आठवणीच्या मेसेजमध्ये फक्त ‘बुधवार ६.३०’ येतं. आणि एक वाक्य ठरवलंय. खोलीत कोणी आलं की मी म्हणायचं, ‘मॅडम, जीएसटीचं उद्या बघू.’ त्या लगेच हिशेबाचं बोलायला लागतात. एकदा सासूबाई चष्मा शोधत आत आल्या तेव्हा ते उपयोगी पडलं. चष्मा घेऊन गेल्या, आम्ही पुढे बोललो.

सासूबाईंना आता माहीत आहे, मीच सांगितलं. ‘म्हणजे ठाण्याला जायची वेळ आली का गं?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांचा दोष नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि त्यांच्या पिढीने ठाण्याचं नाव याच अर्थाने ऐकलेलं. त्याच ठाण्यात १९९० पासून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथे साधी नोकरदार माणसं, कॉलेजची मुलं मन मोकळं करायला जातात, हे मी त्यांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण बुधवारी हरिपाठाला जाताना टीव्ही बंद करून जातात.

आता खोलीचं. सिडकोचं घर, भिंती जुन्या, दाराखाली बोटभर फट. लेक बारावीला, बाहेरच्या खोलीत अभ्यास करते. आईचं रडणं तिच्या कानावर पडू नये हीच मला सगळ्यात मोठी काळजी होती. मॅडमनी उपाय सांगितला: टेबलफॅन खोलीच्या आत नको, दाराबाहेर, लेक बसते त्या बाजूला लावा. आवाज ऐकणाऱ्याच्या कानाजवळ असला की पलीकडचे शब्द त्यात बुडतात. आम्ही करून बघितलं. मी आत बसून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचलं, नवरा बाहेर खुर्चीवर. पंखा बंद असताना कांद्याचे भावसुद्धा त्याला नीट कळले. फटीला जुनी साडी गुंडाळून लावली आणि पंखा मोठ्यावर केला, तेव्हा तो म्हणाला, कोणीतरी बोलतंय एवढंच कळतं, काय ते नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा हायसं वाटलं. एक पैसा खर्च झाला नाही.

खर्च केला तो हेडफोनवर. वायरचा, माइकवाला घेतला. ब्लूटूथचा मुद्दाम टाळला, कारण आमच्याकडे कोणाचा फोन कधी कशाला जोडला जाईल याचा नेम नसतो. हेडफोनमुळे मॅडमचं बोलणं खोलीत पसरत नाही, निम्मं संभाषण तिथेच सुरक्षित. फोन शिवणयंत्रावर डब्याला टेकवून ठेवते, डोळ्यांच्या उंचीवर. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो, म्हणून तोंड खिडकीकडे, आणि हिवाळ्यात समोरची ट्यूब. मॅडमनी फोन आणखी थोडा मागे सरकवायला सांगितला, हात दिसावेत म्हणून. मी बांगडी फिरवायला लागले की काहीतरी गिळून टाकतेय, हे त्यांना माझ्या आधी कळतं.

वायफाय गेलं तर फोनचा डेटा चालू करायचा, तोही गेला तर दोन मिनिटांत त्या साधा कॉल करतात, हे आधीच ठरलंय. ऑफिसचा लॅपटॉप मात्र या कामाला अजिबात वापरू नका. त्यात काय साठतं आणि कोण बघतं, ते आपल्या हातात नसतं.

ज्याची मला सगळ्यात उशिरा किंमत कळली, ती गोष्ट सेशननंतरची. ठाण्याला प्रत्यक्ष गेले असते तर परतीच्या गाडीत थोडा वेळ मिळाला असता. घरी कॉल संपला की दारापलीकडे लगेच ‘भात लावू का?’ ऐकू येतं. म्हणून मी सरळ निसर्ग उद्यानात जाते, एक फेरी मारते, बाकावर बसून वहीत दोन-चार ओळी लिहिते, मग कुकर. वही गाळ्यावरच्या माझ्या कपाटात असते, घरी नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि बुधवारचा भात लेक लावते.

तक्रारीही आहेत. संध्याकाळच्या वेळा फार कमी मिळतात. २४ तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी जाते, आणि बाजारात आवक वाढली की मला आयत्या वेळीच कळतं. पावतीसाठी दोनदा आठवण करावी लागते. शिवाय ज्यांच्या घरात मारहाण आहे, ज्यांच्यावर पाळत आहे, त्यांना घरून बोलण्याचा हा मार्ग मी सुचवणार नाही. त्यांनी प्रत्यक्ष जावं, बाहेरच्या सुरक्षित खोलीत बोलावं.

रात्री-अपरात्री मॅडम मेसेजला उत्तर देत नाहीत, हे त्या पहिल्या दिवशीच सांगतात. अशा वेळेसाठी त्यांनी मला टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिला. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. ज्यांना १,२०० रुपये परवडणार नाहीत त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. मी तो क्रमांक लेकीच्या फोनमध्येही टाकून ठेवलाय.