रिसॉर्टसाठी गोंडोला: पल्स, डिटॅचेबल, थ्री-एस की ट्रामवे?

रिसॉर्टचा रोपवे ठरवायला समिती बसली की कंपन्यांची माहितीपत्रकं टेबलावर येतात आणि चर्चा केबिनवर सुरू होते: गरम होणारी सीट, काचेचा तळ, ताशी किती प्रवासी. प्रवाशाचा खरा कस लागतो तो मात्र फलाटावरून केबिनमध्ये पाय टाकताना. गुडघे धरलेल्या आजी, बाबागाडी ढकलणारे वडील, व्हीलचेअरवरचा प्रवासी, कुबड्या घेतलेला स्कीअर, या सगळ्यांचं जमणार की नाही हे त्या अर्ध्या मिनिटात ठरतं. हवेतल्या दहा मिनिटांतल्या सोयी नंतर वाढवता येतात. स्टेशनातली चूक काँक्रीटमध्ये ओतलेली असते. म्हणून इथली तुलना फलाटापासून सुरू होते.

केबिन थांबते की चालत राहते?

पल्स गोंडोलात केबिनची ग्रिप केबलला कायमची आवळलेली असते. तीन-चार केबिनचा एक गट एकत्र येतो, आणि गट स्टेशनात शिरला की अख्खी केबलच मंदावते. गरज पडली तर ती पूर्ण थांबवता येते, त्यामुळे चढणं-उतरणं सोपं. यंत्रणा साधी, देखभाल कमी. क्षमता मात्र तोकडी. १ किलोमीटरची लाइन, सेकंदाला ५ मीटर वेग, दोन टोकांना आठ आसनी चार-चार केबिनचे दोन गट असं धरलं तर जायला २०० सेकंद, स्टेशनात ५० सेकंद, म्हणजे २५० सेकंदांत ३२ माणसं: ताशी जेमतेम ४६०. ही क्षमता वाढवायला विक्रेता चार गट सुचवतो, आणि सोयीचं गणित तिथे बिघडतं. दोन गट असतील तर एक वर, एक खाली, दोघेही एकाच वेळी फलाटाला लागलेले असतात आणि मध्ये कोणी लटकत नाही. चार केले की दोन गट फलाटाला असताना उरलेले दोन दरीवर रेंगाळतात, आणि प्रत्येक मंदावण्याला केबिन पुढे-मागे झोके घेते. उंचीची भीती असणाऱ्याला नेमकं हेच सोसत नाही.

डिटॅचेबल मोनोकेबल (एकच केबल, तीच केबिन पेलते आणि ओढते), म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो तो गोंडोला, वेगळ्या तत्त्वावर चालतो. लाइनवर सेकंदाला ५ ते ६ मीटर वेगाने आलेली केबिन स्टेशनात केबल सोडते, रबरी चाकांच्या रांगेवरून सेकंदाला २५ ते ३० सेंटीमीटरवर येते, दार उघडतं, आणि फलाटाला घासून ती पुढे सरकत राहते. दहा आसनी केबिन दर १२ सेकंदांनी सोडली तर ताशी ३,००० प्रवासी. रांग संपते, पण केबिन तुमच्यासाठी थांबत नाही. चढायची जागा ९ मीटरची असेल तर ३० सेकंद मिळतात. धडधाकट माणसाला ते भरपूर. काठी टेकत चालणाऱ्यासमोर आधीच्या केबिनचं कुटुंब अजून उतरत असेल, तर त्यातले पंधरा गेलेच.

‘मग लाइन थोडी हळू करू’ हे विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर असतं. बहुतेक स्टेशनांत त्या रबरी चाकांना गती मुख्य केबलकडूनच मिळते. लाइन निम्म्यावर आणली की फलाटावरची केबिनही निम्म्यावर येते आणि ३० सेकंदांचे ६० होतात, पण त्याच वेळी लाइनवरचे सगळे हळू होतात. दिवसातून दहा-वीस वेळा हे केलं तरी काही बिघडत नाही, प्रवाशांना बहुधा कळतही नाही. अडचण होते ती ऑपरेटरची कुरकुर सुरू झाल्यावर आणि अपंग प्रवाशाला ‘जरा गर्दी ओसरू द्या’ म्हणून बाजूला उभं केल्यावर. त्याला तोड आहे: वेगळी चढण्याची मार्गिका. फ्लोरिडातल्या डिस्ने स्कायलायनरमध्ये (सुरुवात २०१९) बहुतेक स्टेशनांवर केबिन मुख्य फेऱ्यातून बाजूला घेऊन पूर्ण थांबवतात, व्हीलचेअर आरामात आत जाते आणि केबिन पुन्हा ओळीत मिसळते. बाकीची लाइन चालूच राहते. जागा आणि पैसा दोन्ही जास्त लागतं. पण वयस्कर पाहुणे जास्त असलेल्या रिसॉर्टने डिटॅचेबल घ्यायचाच ठरवला असेल, तर काचेच्या तळाचे पैसे इकडे वळवावेत हे आमचं स्पष्ट मत.

थ्री-एसमध्ये दोन स्थिर केबलच्या रुळावर केबिन धावते आणि तिसरी केबल तिला ओढते. केबिन २८ ते ३५ जणांची, वेग सेकंदाला ८ मीटरपर्यंत. कॅनडातल्या व्हिसलरचा पीक टू पीक (२००८) दोन टॉवरांमधलं ३,०२४ मीटरचं अंतर एका झेपेत पार करतो. केबिन मोठी आणि दोन केबिनमधलं अंतर साधारण पाऊण-एक मिनिटाचं, त्यामुळे चढायला सवड मिळते. तळ सपाट, व्हीलचेअर आतल्या आत वळवता येते, सोबतचं कुटुंब फुटत नाही. खर्च मात्र मोनोकेबलच्या कितीतरी पुढे जातो, आणि तो ताशी प्रवाशांच्या आकड्यावर कधीच पटत नाही. वारा आणि बचाव हे दोन मुद्दे जोडले तरच पटतो.

ट्रामवे, म्हणजे दोन मोठ्या केबिन आलटून-पालटून वर-खाली. केबिन स्टेशनात पूर्ण थांबते आणि बहुधा आत एक कर्मचारी असतो. चढण्या-उतरण्यात हिला तोड नाही. पण बसायची जागा थोडी, बहुतेकांना उभं राहावं लागतं, आणि केबिन चुकली तर पुढची येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा. टॉवरवरून जाताना केबिन एकदम डुलते तेव्हा काठीवाल्याला दांडा हाताशी हवा, छताला लोंबणारा पट्टा त्याच्या कामाचा नाही.

फट, उंबरठा आणि पुढची छोटी चाकं

व्हीलचेअरची पुढची चाकं १० ते १५ सेंटीमीटर व्यासाची आणि कुठेही वळणारी असतात. फलाट आणि केबिन यांच्यातली फट चार-पाच सेंटीमीटर झाली की ती आडवी फिरून त्यात बसतात, खुर्ची जागीच अडते, आणि केबिन मात्र पुढे सरकत असते. मागची साठ सेंटीमीटरची चाकं तीच फट सहज ओलांडतात. म्हणून जाणकार कर्मचारी खुर्ची उलटी, पाठ आधी, आत घेतो. उतरताना मात्र दार तेच असतं, त्यामुळे उलट्या शिरलेल्या खुर्चीची छोटी चाकं आधी बाहेर येतात. वरच्या स्टेशनातल्या कर्मचाऱ्याला खुर्ची मागे कलवून ती उचलायला शिकवलेलं नसेल, तर खाली नीट चढलेला माणूस वर अडकतो. वरच्या स्टेशनाला फोन करून ‘अमुक नंबरच्या केबिनमध्ये व्हीलचेअर आहे’ हे कळवणं रोजच्या कामाचाच भाग हवं.

फटीवर टाकायची ॲल्युमिनियमची पट्टी सगळ्यांकडे असते. चालत्या केबिनला ती लावता येत नाही, कारण तिचं एक टोक फलाटावर ओढलं जातं. एक तर लाइन थांबवा, नाहीतर केबिनलाच जोडलेली, केबिनबरोबर सरकणारी पट्टी मागा.

फट रोज सारखी नसते, हेही ध्यानात घ्या. भरलेली केबिन स्प्रिंगवर थोडी खाली बसते, रिकामी वर राहते. बॅटरीवरची खुर्ची दीडशे किलोची, वर माणूस ऐंशीचा, म्हणजे तीन प्रवाशांचं वजन एका कोपऱ्यात. केबिन कलते आणि फट एका टोकाला वाढते. उरलेल्या प्रवाशांना समोरच्या बाजूला बसवलं की बरीचशी भरपाई होते.

मापांसाठी अमेरिकी मानकांचे आकडे हाताशी ठेवावेत: दाराची मोकळी रुंदी निदान ८१ सेंटीमीटर, खुर्चीसाठी ७६ बाय १२२ सेंटीमीटर जागा, पूर्ण वळायला १५२ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ. आठ-दहा आसनी केबिनमध्ये हे वर्तुळ मावत नाही, आणि बाक दुमडणारा नसेल तर ७६ बाय १२२ सुद्धा नाही. जुन्या चार-सहा आसनी केबिनचं तर दारच अरुंद. लांब मोबिलिटी स्कूटर मोनोकेबलमध्ये जवळपास कधीच जात नाही. हे तिकीट खिडकीवर लिहून ठेवा, फलाटावर पोहोचल्यावर सांगू नका.

आणि फलाटापर्यंत पोहोचायचं कसं? गोंडोलाचं स्टेशन अनेकदा पहिल्या मजल्यावर असतं, खाली केबिन ठेवायची जागा असते म्हणून. तिथे एकच लिफ्ट असेल आणि ती बंद पडली, तर कितीही महागडी केबिन घेतली तरी व्हीलचेअरवाल्यासाठी रोपवे बंदच.

वारा, ऊन आणि कान

मोनोकेबल साधारण ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या वाऱ्याला बंद करावा लागतो, आणि त्याआधीच मंद करावा लागतो. बारा मिनिटांचा प्रवास मग वीस-पंचवीस मिनिटांचा होतो, केबिन आडवी हलते, आणि ज्यांना मळमळतं त्यांची वाट लागते. थ्री-एस आणि फ्युनिटेल १०० किलोमीटरच्या आसपासही चालू राहू शकतात. फ्युनिटेलमध्ये एकमेकींपासून ३.२ मीटरवर असलेल्या दोन केबलना केबिन लटकते, म्हणून डुलायला वावच थोडा. चढण्याच्या बाबतीत मात्र ती डिटॅचेबलसारखीच, त्यामुळे वाऱ्याचा प्रश्न मोठा नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

उष्ण हवामानात मोनोकेबलच्या केबिनला सतत वीज नसते. स्टेशनात चार्ज होणाऱ्या बॅटरीवर दिवे आणि इंटरकॉम चालतो, एसी सहसा नाही. झरोक्यांतून हवा खेळते ती केबिन चालत असताना. लाइन थांबली की काचेची पेटी तापते. दोन उघडणाऱ्या खिडक्या आणि उन्हाची काच हा खर्च टाळू नका. इंटरकॉमचं आणखी एक: ऐकू न येणाऱ्याला ‘काही काळ थांबलो आहोत’ ही घोषणा पोहोचत नाही. केबिनमध्ये एक छोटा लिखित फलक असला की काम भागतं.

कानांचं गणित वेगापेक्षा चढावर ठरतं. ३० टक्के चढावर सेकंदाला ६ मीटर वेगाने मिनिटाला साधारण १०० मीटर उंची वाढते, ती बहुतेकांना सोसते. जर्मनीतल्या त्सुगश्पिट्स शिखराची ट्रामवे (२०१७) १,९४५ मीटर उंची सुमारे दहा मिनिटांत चढते. सर्दी झालेल्याचे आणि तान्ह्या बाळाचे कान तिथे दडे बसून दुखतात. बाळाला चढताना-उतरताना दूध पाजावं.

बंद पडल्यावर

विक्रेते या प्रश्नावर घाईने पुढे सरकतात. मुख्य मोटर गेली तर डिझेलवरची आपत्कालीन यंत्रणा लाइन सेकंदाला साधारण १ मीटरने हलवते. ३ किलोमीटरची लाइन मोकळी व्हायला मग ५० मिनिटं लागतात. तेही जमलं नाही तर दोरीवरून एकेकाला खाली सोडायचं. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला साधा हार्नेस चालत नाही, डोक्याला आणि मांड्यांना आधार देणारी झोळी लागते, आणि खुर्ची वरच राहते. नव्या थ्री-एसपैकी अनेकांत बेअरिंग निकामी झालं तरी सगळ्या केबिन स्टेशनात परत आणायची सोय असते, दोरीची वेळच येत नाही. चालता न येणारे प्रवासी नियमित येणार असतील आणि खाली दरी खोल असेल, तर थ्री-एसचा जास्तीचा खर्च इथे वसूल होतो.

थोडक्या अंतराला, ताशी पाचशेच्या आत, पल्स घ्या, पण दोनच गटांची. गर्दी मोठी आणि टॉवर उभे करता येत असतील तर वेगळ्या मार्गिकेसह डिटॅचेबल. एकाच कड्यावर सरळ चढायचं आणि प्रवासी दर्शनापुरते येणारे असतील तर ट्रामवे. काहीही घेतलं तरी सही करण्याआधी त्याच कंपनीच्या चालू लाइनवर एक हाताने ढकलायची आणि एक बॅटरीची व्हीलचेअर घेऊन जा, खाली चढा आणि वर उतरा. रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही केबिनची आडवी आणि उभी फट पट्टीने मोजा, आणि तोच आकडा कंत्राटात कमाल मर्यादा म्हणून लिहून घ्या.