डीटीपीसाठी नवा संगणक: विंडोज की मॅक?

मराठी डीटीपीवाल्याने, म्हणजे संगणकावर पानं जुळवणाऱ्याने, नवा संगणक घेताना रॅम-प्रोसेसर नंतर बघावं. आधी बघावं ते पेजमेकर या पानं जुळवण्याच्या जुन्या प्रोग्रामच्या फायलींचं आणि युनिकोड (सगळीकडे चालणारं अक्षरांचं प्रमाण) येण्याआधीच्या फॉन्टांचं काय होणार.

पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये. मॅकच्या तेव्हाच्या नव्या प्रणालीसाठी, मॅक ओएस एक्ससाठी, ते कधी नव्याने लिहिलंच गेलं नाही, जुने मॅक-प्रोग्राम चालवून देणाऱ्या ‘क्लासिक’च्या आधारावर चालायचं. २००६ च्या इंटेल मॅकवर क्लासिक नव्हतं. २००७ च्या लेपर्ड या आवृत्तीने जुन्या मॅकवरूनही ते काढलं. अॅपलची रीतच ती. २०११ मध्ये पॉवरपीसी या आधीच्या चिपचे प्रोग्राम बंद, २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीत जुन्या घडणीचे ३२-बिटचे. २०२० मध्ये स्वतःची एम१ चिप आणली, आता इंटेल मॅकही निरोपाच्या रांगेत. या निष्ठुरपणाचं फळ मात्र खरं आहे: पंखा नसलेला मॅकबुक एअर दिवसभर चार्जरशिवाय चालतो.

विंडोज ११ वर ३२-बिट प्रोग्राम अजून चालतात, त्यामुळे अॅडोबीने केव्हाच वाऱ्यावर सोडलेलं पेजमेकरही बहुतेक वेळा उघडतं. या सांभाळण्याची किंमत विंडोज जागोजागी मोजतं. con.txt नावाची फाइल करून बघा, साधारणपणे होणार नाही. ते नाव डॉसच्या काळापासून राखीव आहे! सेटिंग्ज आणि कंट्रोल पॅनेल हे दोन संसार एकाच घरात नांदतात ते वेगळंच.

पण विंडोज जुना प्रोग्राम सांभाळतं, जुनं यंत्र नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षेची सोय लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय ६४-बिट विंडोजवर (विंडोज ११ तसंच असतं) त्याहून जुने १६-बिट प्रोग्राम चालतच नाहीत, जोडलेलं यंत्र चालवणारा ड्रायव्हरही ६४-बिटच लागतो. मराठी लिपी-सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ते चालू व्हायला संगणकाला जोडावी लागणारी किल्ली, नेमकं इथे अडतं. नव्या मॅकमध्ये आभासी विंडोज टाकूनही हे सुटत नाही, कारण ते विंडोज एआरएम या वेगळ्या घडणीच्या चिपचं असतं आणि त्याला ड्रायव्हरही एआरएमचाच हवा.

माझं मत: दिवाळी अंकांच्या, पुस्तकांच्या जुन्या फायलींतून पुनर्मुद्रणं काढत असाल तर विंडोज घ्या. सगळं काम युनिकोड आणि इनडिझाइन या अॅडोबीच्या पेजमेकरनंतरच्या प्रोग्राममध्ये असेल तर मॅक खुशाल घ्या. जुन्या फायलींसाठी जुना पीसी इंटरनेट काढून कोपऱ्यात राहू द्या. विंडोज घेणाऱ्यांनी दुकानात जाताना डोंगल आणि एक जुनी फाइल बरोबर न्यावी, पैसे देण्याआधी तिथेच उघडून, छापून बघावी.