४० लिटरच्या खाऱ्या टाकीत निऑन गोबीच सरस

एवढ्याशा टाकीत दोनच मासे ठेवावेत, तेही ५ सेंमीच्या आसपासचे. पहिली पसंती निऑन गोबीला. टाकीत पैदास झालेला मिळतो, गोठवलेला आर्टेमिया (कोळंबीसारखा इवलासा जीव) आणि बारीक पेलेट (दाणेदार खाद्य) चटकन खातो. पिवळा क्लाउन गोबी फार गोड दिसतो, पण अ‍ॅक्रोपोरा या कडक प्रवाळाचे पॉलिप (प्रवाळ ज्यांचा बनतो ते छोटे मऊ जीव) कुरतडतो. मऊ प्रवाळ असतील तरच घ्यावा. फायरफिश घाबरला की उडी मारतो, त्यामुळे वर बारीक जाळीचं झाकण हवंच. मँडरिन मासा मात्र नकोच! तो दिवसभर जिवंत कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक कवचधारी जीव) टिपतो. लहान टाकीत ते लवकर संपतात आणि बिचारा उपासमारीने मरतो. कोणताही मासा दुकानात खाताना बघूनच घ्यावा. पाण्याची सापेक्ष घनता (म्हणजे खारटपणाचं माप) १.०२५ ठेवा. बाष्पीभवनाने ती चढते, म्हणून रोजची भर आरओच्या गोड्या पाण्याचीच घालावी, खाऱ्याची नाही.