दऱ्या की दर्या: ई-रीडरवर मराठी वाचनाचे आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी ई-इंक पडद्याचा रीडर घेतला तेव्हा मनात एकच गोष्ट होती: झोपण्याआधीचं वाचन मोबाइलवरून हलवायचं, आणि त्यातलं निम्मं तरी मराठी असायला हवं. घेण्याआधी पुष्कळ परीक्षणं वाचली. बॅटरी, वजन, प्रकाश, पाणी लागलं तर काय, सगळं त्यात होतं. पण मराठी पान त्यावर कसं दिसतं, जोडाक्षरं नीट जुळतात का, शब्दकोश मराठी शब्द ओळखतो का, याबद्दल एक ओळ सापडली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

यंत्र सहा इंची, ३०० पीपीआयचं, म्हणजे पडद्यावर इंचाला ३०० ठिपक्यांचं. कंपनीचं नाव देत नाही. बाजारातल्या बहुतेक रीडरचा पडदा ई इंक या एकाच कंपनीचा असतो, आणि मला आलेल्या बहुतेक अडचणी यंत्रापेक्षा पुस्तकांच्या फाइलमधल्या निघाल्या.

आधी पडद्याबद्दल, कारण त्यावर मी मनापासून खूश आहे. आत सूक्ष्म कुप्यांचा थर असतो. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, त्यांचे विद्युतभार परस्परविरुद्ध. विजेचा इशारा मिळाला की एका रंगाचे कण वर येतात आणि वीज काढून घेतली तरी तिथेच राहतात. पान समोर असताना पडद्याला वीज लागत नाही, फक्त पान उलटताना लागते. रोज तासभर वाचून, प्रकाश मंद ठेवून मला एका चार्जिंगला तीन आठवडे मिळतात, आणि आठ महिन्यांत त्यात जाणवण्याजोगी घट झालेली नाही. प्रकाशाचे दिवे पडद्याच्या कडांना असतात आणि उजेड पानावर पडतो, मोबाइलसारखा मागून डोळ्यांवर येत नाही. भर उन्हात तर दिवा बंदच ठेवते, तिथे अक्षरं उलट जास्त ठळक दिसतात.

पान उलटताना होणारी काळी लुकलुक आणि मागच्या पानाची पुसट सावली यांची सवय आठवड्याभरात झाली. आधीच्या अक्षरांचे कण पूर्ण हटावेत म्हणून यंत्र मधूनमधून सगळा पडदा काळा-पांढरा करून घेतं. मी हे दर सहा पानांनी होऊ देते.

देवनागरीला ३०० पीपीआयची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे असं माझं ठाम मत झालंय. आपल्याकडे एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार, मात्रा आणि अनुस्वार असतात, पायाशी उकार. ‘वर्षं’ हा साधा शब्द घ्या, षच्या वर रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात. एका जुन्या १६७ पीपीआयच्या रीडरवर त्या दोन्हींचा मिळून एकच काळा ठिपका दिसायचा. इथे दोन्ही वेगळे दिसतात. मराठी वाचायचं असेल तर यापेक्षा कमी पीपीआयचं यंत्र घेऊ नका. रंगीत पडद्याचाही मोह मी याच कारणाने टाळला: कॅलिडो ३ पडद्यावर रंगीत मजकूर १५० पीपीआयवर उतरतो आणि रंगांच्या गाळणीमुळे पान मुळातच करडं दिसतं.

फाँटसाठी पहिले दोन आठवडे गेले. यंत्रात आधीपासून असलेला देवनागरी फाँट वाचता येण्याजोगा होता, पण त्यातला ल दंडाचा आणि श शेंडीचा, म्हणजे हिंदी वळणाचा. लहानपणापासून पाकळीचा ल आणि देठाचा श वाचलेल्या डोळ्यांना दर ओळीत काहीतरी टोचत राहतं. यंत्रातल्या फाँटच्या फोल्डरमध्ये टिरो देवनागरी मराठी टाकला आणि पान आपलं वाटायला लागलं. पुष्कळ फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मराठी वळण दिसायला फाइलच्या नोंदीत भाषा मराठी लिहिलेली असावी लागते. मी विकत घेतलेल्या पुस्तकांपैकी तीनांत ती इंग्रजी लिहिलेली होती. छपाईच्या पुस्तकाची भाषा मुखपृष्ठावर चुकीची छापली तर केवढा गहजब होईल! इथे मात्र ती चूक कुणाला दिसतच नाही.

ओळींतलं अंतरही वाढवून घ्या. आधीपासून ठरवलेलं अंतर रोमन अक्षरांच्या मापाचं असतं. त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. आणि दोन्ही कडा सरळ करणारी मांडणी बंद करा. ‘समजावून सांगितल्यानंतरसुद्धा’ असे लांब शब्द ओळीअखेर तोडता आले नाहीत की पुढच्या ओळीत ढकलले जातात आणि उरलेल्या ओळीत शब्दांमध्ये मोठमोठ्या फटी पडतात. डावीकडे सरळ, उजवीकडे मोकळी कड ठेवली तेव्हा वाचनाचा वेग मला तरी स्पष्ट वाढलेला जाणवला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. दुसऱ्याच महिन्यात एक प्रवासवर्णन वाचत होते. लेखक घाट चढतोय, धुकं आहे, आणि खाली ‘खोल दर्या’ पसरल्यात. डोंगरात समुद्र कुठून आला? दोन पानांनी पुन्हा तेच. मग लक्षात आलं की त्या दऱ्या होत्या. पुस्तकभर प्रत्येक ‘ऱ्य’चा ‘र्य’ झाला होता. ‘पायऱ्या’ झाल्या ‘पायर्या’, ‘वाऱ्याचा’ झाला ‘वार्याचा’, आणि स्वयंपाक करणारे ‘आचारी’ अनेकवचनात चक्क ‘आचार्यांना’ होऊन गुरुपदाला पोचले होते.

कारण शोधायला एक रविवार दिला. युनिकोड या संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत हा अर्धा र लिहायच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे वेगळं अक्षर घ्यायचं, त्याला हलन्त, मग य. दुसरीत साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पण फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेताना ‘अनावश्यक अदृश्य चिन्हं’ साफ करणारी आज्ञावली चालवली की दुसऱ्या रीतीतलं जोडचिन्ह उडतं, आणि मागे उरतो रफार. पहिल्या रीतीने टंकलेलं असतं तर काही झालं नसतं. ही चूक शुद्धलेखन तपासणीतही सहज निसटते, कारण ‘दर्या’ आणि ‘आचार्यांना’ हे स्वतंत्रपणे बरोबर शब्द आहेत.

मी त्या पुस्तकातल्या अशा जागांची यादी करून प्रकाशनाला पाठवली. उत्तर सव्वा महिन्याने आलं, नम्र होतं, सुधारलेली फाइलही मिळाली. फक्त ती नव्याने उतरवल्यावर माझ्या जुन्या खुणा आणि टिपणं सगळी गेली. तरी मला ते चाललं. मराठी लिहिणाऱ्या, टंकणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरा.

याच दोन रीतींमुळे शोधही फसतो. मी ‘सुऱ्या’ टंकून शोधलं तर यंत्र म्हणालं, सापडत नाही. शब्द समोरच्या पानावर होता, फक्त दुसऱ्या रीतीने लिहिलेला.

शब्दकोशाबद्दल लवकर संपवते, कारण तो जवळजवळ निरुपयोगी ठरला. मी स्वतः टाकलेला मराठी शब्दकोश ‘डोह’ ओळखतो, ‘डोहातल्या’ ओळखत नाही. इंग्रजी कोशांत शब्दांची चालवलेली रूपं आधीच जोडून दिलेली असतात. मराठीत एका नामाला सामान्यरूप, विभक्ती, शब्दयोगी अव्यय, वर पुन्हा ‘च’ आणि ‘ही’ लागतात. ती रूपं बनवून कोशाला जोडण्याचं काम संगणकाला अशक्य नाही, आणि ते नीट झालं तर माझ्यासारखे कितीतरी वाचक जुनी मराठी पुस्तकं पुन्हा उघडतील.

पीडीएफबद्दल मात्र सावध करायला हवं, कारण मराठीत मिळणारं पुष्कळसं साहित्य पीडीएफच असतं. डेमी आकाराचं पान सुमारे साडेएकवीस सेंटिमीटर उंच, माझा पडदा जेमतेम सव्वाबारा. अख्खं पान बसवलं की अक्षर साठ टक्क्यांच्याही खाली येतं. समास कापून, यंत्र आडवं धरून वाचता येतं, पण मी दोनच पुस्तकं तशी पुरी केली. पीडीएफचं ईपब, म्हणजे पडद्याच्या मापाने मजकूर मांडून घेणारी फाइल, करावं म्हटलं तर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये जुळवलेली पुस्तकं आडवी येतात. त्यांत दिसायला मराठी असतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यामुळे रूपांतर केलं की पानभर निरर्थक ठिपके आणि कंस मिळतात. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरी होती. त्यानंतर इतकी वर्षं आपण पुस्तकं अशा कोंडवाड्यात भरत राहिलो याचं मला खरंच वाईट वाटतं. विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं मात्र थेट ईपबमध्ये उतरवता येतात, आणि माझ्या यंत्रावर ती सगळ्यांत स्वच्छ दिसतात.

विकत घेतलेलं पुस्तक खरोखर आपलं असतं का, हा प्रश्न मी आधी फार गंभीरपणे घेतला नव्हता. २००९ च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून विकलेल्या कादंबऱ्या परस्पर काढून घेतल्या होत्या आणि नंतर जेफ बेझोसने जाहीर माफी मागितली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकण्याची सोयही बंद झाली. तेव्हापासून मी नियम केलाय की जिथे कुलूप नसलेली ईपब फाइल मिळते तिथूनच आधी बघायचं. तिची एक प्रत संगणकावर ठेवते, कॅलिबर या ई-पुस्तकं सांभाळणाऱ्या आज्ञावलीत लावून.

तिसऱ्या महिन्यात आई राहायला आली आणि यंत्र तिच्या हातात गेलं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिचं वाचन जवळपास थांबलं होतं, बारीक टाइपाची पुस्तकं तिला नकोशी झाली होती. अक्षर मोठं केलं, ओळीत चार-पाचच शब्द मावतील एवढं. पहिल्या दिवशी म्हणाली, “हे पान उलटताना असं का डोळे मिचकावतं गं?” चौथ्या दिवशी तिने विचारलं, “पुढचा भाग आहे का यात?” पाठमोरी खुर्चीत बसून एकाग्र झालेली आई मला पाच वर्षांनी दिसली. पुढच्या दोन महिन्यांत तिने अकरा पुस्तकं वाचली. यंत्र हलकं असल्याने मनगट दुखत नाही, हे तिने आपणहून सांगितलं. जाड कादंबरी तिला कधीच धरवत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

आता यंत्र तिच्याकडेच असतं. मी रात्री थोडा वेळ मागून घेते.

तिला एक जुनी कादंबरी हवी आहे, लग्नाआधी वाचलेली. लेखकाच्या निधनाला साठ वर्षं उलटलीत, म्हणजे प्रताधिकार संपलाय, पण मिळाली ती फक्त स्कॅन केलेली. चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या आज्ञावलीला मराठी वाचता येतं, म्हणून पानं त्यातून काढली. ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतोय, आणि ‘ऱ्य’ तर बहुतेक ठिकाणी चुकतोयच. रोज रात्री दहा पानं मूळ प्रतीशी ताडून दुरुस्त करते. कालपर्यंत एकशेबारा झाली आहेत, अजून शंभरेक आहेत. पूर्ण झाली की विकिस्रोतावरही चढवणार आहे. पहिले सहा भाग तिच्या यंत्रात टाकलेत, आणि काल तिने सातव्याबद्दल विचारलं.