ओफॅकचं सँक्शन्स सर्च: नाव लगेच सापडतं, कारण दुसरीकडे शोधावं लागतं

अमेरिकेच्या अर्थखात्याचं ओफॅक म्हणून जे ऑफिस आहे त्यांनी निर्बंध (सँक्शन्स) लावलेल्या माणसांची आणि कंपन्यांची यादी तपासायचं हे सर्च टूल पूर्ण फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही, नाव टाका की झालं. बल्गेरियाचं राजकारण फॉलो करत असाल तर हे उघडावंच लागतं, कारण तिथल्या डीपीएस पक्षाच्या 'नवी सुरुवात' गटाचा नेता देल्यान पेएव्स्की 2 जून 2021 पासून या यादीत आहे, ग्लोबल मॅग्निट्स्की कार्यक्रमाखाली, म्हणजे भ्रष्टाचारासाठी. त्या दिवशी बल्गेरियाचाच उद्योजक वासिल बोझकोव्ह, माजी सरकारी अधिकारी इल्को झेल्याझकोव्ह आणि 64 संस्था असं सगळं एकदमच यादीत गेलं होतं.

आधी चांगलं सांगतो. नावाच्या खाली एक स्लायडर आहे, तो 100 वर असतो आणि तिथे स्पेलिंग तंतोतंत जुळावं लागतं. बल्गेरियन नावं रोमन लिपीत लोक वाट्टेल तशी लिहितात, त्यामुळे स्लायडर थोडा खाली आणा, मग जवळपासची नावं स्कोअरसकट येतात. मला हे फार आवडलं. पण ही सोय फक्त नावाच्या रकान्यात आहे, पत्ता चुकीचा टाकलात तर काहीच मिळणार नाही. कंपन्या बघायच्या असतील तर प्रोग्रॅममध्ये ग्लोमॅग (ग्लोबल मॅग्निट्स्कीचा कोड) आणि देश बल्गेरिया निवडा, इनट्रस्टसारख्या कंपनीच्या पानावर ती कोणाशी जोडलेली आहे ते लिहिलेलं असतं.

आता खरी तक्रार. माणसाच्या पानावर जन्मतारीख, देश, कार्यक्रम एवढंच, त्यानं केलं काय याबद्दल एक ओळ नाही! लाच आणि वशिल्याच्या जोरावर पेएव्स्कीनं महत्त्वाच्या संस्थांवर पकड ठेवली हा जो अर्थखात्याचा आरोप आहे (पेएव्स्की तो साफ नाकारतो) तो वाचायला वेगळं प्रेस रिलीज शोधावं लागतं. ब्रिटननं फेब्रुवारी 2023 मध्ये याच तिघांवर निर्बंध लावले आणि त्यांच्या यादीत नोंदीसोबतच कारण लिहिलेलं असतं. नागरिकाला कारणच हवं असतं ना, नुसता कोड घेऊन तो काय करणार? आणि ही कोर्टानं दिलेली शिक्षा नाही, सरकारी आदेश आहे, हे त्या पानावर ठळक लिहायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे 50 टक्क्यांचा नियम. यादीतल्या माणसांची मिळून निम्मी किंवा जास्त मालकी असेल तर ती कंपनीही ब्लॉक धरली जाते, तिचं नाव यादीत नसलं तरी. टूल हे शोधून देत नाही, मालकीची कागदपत्रं तुम्हीच चाळायची. त्यामुळे 'काही सापडलं नाही' असं आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, तपासणीची जबाबदारी तुमचीच असं ते स्वतःही सांगतात.

तिसरं, इथे फक्त आजची यादी दिसते. हंगेरीचे तेव्हाचे मंत्री अंतल रोगान जानेवारी 2025 मध्ये यादीत आले आणि एप्रिलमध्ये काढले गेले, आता जुनी नोंद हवी तर 'रीसेंट अ‍ॅक्शन्स'चं पान खोदत बसा.

निर्बंधांमुळे अमेरिकेच्या हद्दीतली मालमत्ता गोठते, अमेरिकन बँका आणि कंपन्या व्यवहार करू शकत नाहीत, पण बल्गेरियाच्या राजधानीतली, सोफियातली खुर्ची जात नाही. यादीत आल्यावरच 2024 मध्ये पेएव्स्की डीपीएसचा सहअध्यक्ष झाला, मग पक्ष फुटला आणि त्याच्या गटानं ऑक्टोबरच्या निवडणुकीत जागाही मिळवल्या. डिसेंबर 2025 मध्ये बल्गेरियाचं सरकार पडलं ते रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे, आणि त्या घोषणांमध्ये त्याचं नाव होतं.

पाचपैकी साडेतीन स्टार. नाव तपासायला इथे या, कारण वाचायला ब्रिटनची यादी शेजारच्या टॅबमध्ये उघडी ठेवा.